पंधरा जोड्या

“म्हणजे फरक आहे, हे खरं?” निरंजनने विचारलं.

“खरं,” भंते म्हणाले.

“आणि कुठल्याही दोघांना समोरासमोर ठेवलं, तर तो सापडत नाही. हेही खरं?”

“तेही खरं.”

“दोन्ही एकदम खरं कसं असेल, सर?”

भंतेंनी मान वर केली नाही. ओसरीत बसून ते चीवराचा उसवलेला काठ शिवत होते. दोरा संपला होता. त्यांनी नवा ओवला, गाठ मारली आणि पुन्हा शिवायला घेतलं...

निरंजन ठोंबरे उत्तराची वाट पाहत पायरीपाशी उभा राहिला.

पिंपळखुट्याच्या टेकडीवरचं ते विहार म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याची ओसरी आणि मागे बाभळीचं रान. सकाळी खालच्या वस्तीतल्या बायका जेवण ठेवून जायच्या. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत तिथे कुणी फिरकत नसे. उन्हाने तापलेला पत्रा मधूनच कडकन वाजायचा, तेवढाच काय तो आवाज.

भंते सुमेध हे पूर्वीचे मेश्राम सर. कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायचे. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाले, मागोमाग बायको गेली, आणि एके दिवशी सरांनी घर पुतण्याच्या हवाली करून चीवर घेतलं. निरंजन त्यांचा विद्यार्थी. त्यांनी शिकवलेल्यांत आपण सर्वांत हुशार, असं तो मानत आला होता. सरांनी एकदा तरी ते तोंडाने म्हणावं, म्हणून कॉलेजची सगळी वर्षं त्याने वाट पाहिली. सर कधी म्हणाले नाहीत.

आता निरंजन स्वतः संख्याशास्त्र शिकवत होता, आणि त्याचं नाव झालं होतं. मोठमोठ्या संस्था त्याच्याकडून आकडे तपासून घेत. सभेत त्याने एखादा निष्कर्ष सांगितला की पुढे वाद होत नसे. आजही तो टेकडी चढून आला होता तो काही शिकायला नव्हे. त्याला कौल हवा होता. आपण केलं ते बरोबरच होतं, एवढं सरांनी म्हणावं, म्हणजे तो खाली उतरून पाचची एसटी पकडणार होता.

पण कौल मागायचा तर झालेलं सांगावं लागतं. तेव्हा पायरीवर बसून त्याने ते सांगितलं.

एक सेवाभावी संस्था डोंगरातल्या सहा गावांत कुपोषित मुलांसाठी केंद्रं चालवत होती. प्रत्येक केंद्रावर एक परिचारिका. मुलांना खाऊ घालायचं, औषध द्यायचं, दर आठवड्याला वजन करायचं. संस्थेच्या संचालिका माधुरीताई सबनीस यांनी निरंजनला बोलावून घेतलं आणि वर्षभराची वजनं त्याच्यापुढे ठेवली. सगळी केंद्रं सारखं काम करतात का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

निरंजनने अनोव्हा लावली. ही चाचणी सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकदम समोर घेते आणि एकच विचारते : तुम्ही सारे सारखेच का? उत्तर आलं, नाही. जेमतेम, पण नाही.

माधुरीताईंनी लगेच पुढचं विचारलं. मग कमी कोण पडतंय?

ते ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी मागाहून दोन-दोन गट समोरासमोर उभे करावे लागतात. सहा केंद्रांच्या पंधरा जोड्या झाल्या. निरंजनने पंधराही तपासल्या, प्रत्येक जोडी जणू एकटीच आहे अशा साध्या पट्टीने. चार जोड्यांतला फरक योगायोगाच्या रेषेबाहेर गेला. त्या चारांतल्या तीन जोड्यांत एक नाव सारखं येत होतं. हिरडमाळ.

हिरडमाळचं केंद्र कमल धुर्वे नावाची परिचारिका सांभाळत होती.

“आणि चौथी जोडी?” भंतेंनी विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते आपणहून बोलले.

निरंजन जरा घुटमळला. चौथ्या जोडीत हिरडमाळ नव्हतं, म्हणून ती त्याने तळटीपेत टाकली होती.

भंतेंची सुई चालू राहिली...

पुढचं निरंजनने घाईघाईने सांगितलं. अहवाल गेला. कमल धुर्वेला संस्थेने कामावरून कमी केलं. तिच्या जागी शहरातून दुसरी मुलगी पाठवली. हा निर्णय काही त्याचा नव्हता, त्याने फक्त आकडे दिले होते. पण पुढे विद्यार्थ्यांसाठी उदाहरण म्हणून तीच आकडेवारी घेताना त्याने कडक पट्टी लावून पाहिली. पंधरा खडे मारले की एखादा आंबा वाऱ्यानेही पडतो आणि आपल्याला वाटतं नेम लागला. म्हणून जोड्या जितक्या जास्त, तितकी पट्टी कडक धरायची असते. हे तो वर्गात दरवर्षी शिकवत होता.

कडक पट्टीने एकही जोडी रेषेबाहेर गेली नाही. पंधरातली एकही नाही.

अनोव्हा मात्र जागची हलली नव्हती. सारे सारखे नाहीत, असंच ती म्हणत होती.

“पण सर,” निरंजन म्हणाला, “पहिली चाचणी पार पडली की जोड्या साध्या पट्टीने मोजल्या तरी चालतं, असं मानणारेही आहेत. जाणते लोक आहेत.”

“आहेत.”

“मग मी केलं ते नियमाबाहेर नव्हतं.”

“नव्हतं.”

निरंजनला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतक्या सहज कौल मिळेल, अशी त्याची अपेक्षा नव्हती.

“हिरडमाळच्या खालोखाल कोण होतं?” भंतेंनी विचारलं.

“चिखलदेव. त्यानंतर उंबरवाडी.”

“त्यांच्यात आणि हिरडमाळमध्ये किती फरक?”

“नसल्यासारखाच.”

“त्यांच्या परिचारिका कामावर आहेत?”

“... आहेत.”

भंतेंनी दोरा दाताने तोडला. सुई कापडाच्या घडीत खोचून ठेवली. मग त्यांनी प्रथमच निरंजनकडे नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि आपण त्यांना दिसतो आहोत की नाही, हे निरंजनला कळेना.

“तू त्या पायरीवर आहेस. मी इथे भिंतीशी. मध्ये अंतर आहे?”

“आहे.”

“कुणाचं?”

“म्हणजे?”

“ते अंतर तुझं, की माझं?”

निरंजन हसला. हा काय प्रश्न झाला, असं त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण भंते थांबून राहिले होते, आणि थांबलेल्या माणसापुढे हसू फार वेळ टिकत नाही.

“दोघांचं,” तो म्हणाला.

“मग काढलं एकीलाच?”

खालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज टेकडीला वळसा घालून विरून गेला.

“पण फरक आहे ना, सर?” निरंजनचा आवाज आता खाली आला होता. “तुम्हीच म्हणालात, आहे. तो मग कुठे आहे?”

“चाचणी तुझ्याशी सहा जणांबद्दल बोलत होती. तू दोघादोघांनाच धरून बसलास.”

एवढं म्हणून भंते भिंतीला हात लावत उठले आणि आत गेले. दार त्यांनी लावलं नाही. तरी आत जावं, असं निरंजनला वाटलं नाही. उतरत्या उन्हात तो ओसरीत एकटाच बसला. मनात रागही होता. एवढं चालून आलो, पाणी घेतोस का म्हणूनही विचारलं नाही, असं त्याच्या मनात आलं. मग दिसलं की मडकं त्याच्या शेजारीच होतं, वर पेला पालथा घातलेला. तो पाणी प्यायला आणि निघाला.

एसटी निम्मी रिकामी होती. खिडकीशी बसून त्याने डोळे मिटले आणि सहा गावं मनात आणली. आकड्यांच्या क्रमाने नव्हे. अहवालासाठी तो हिंडला होता, त्या रस्त्याने. तीन केंद्रं अलीकडे. मग नदी. नदीवरचा दगडी पूल बुटका, पावसाळ्यात महिना महिना पाण्याखाली. आणि पलीकडे उरलेली तीन : उंबरवाडी, चिखलदेव, हिरडमाळ.

त्याने डोळे उघडले.

घरी पोचल्यावर त्याने जोड्या सोडल्या. अलीकडची तीन एका बाजूला, पलीकडची तीन दुसऱ्या बाजूला घेतली. आकडे आधीच पाहून झालेल्या माणसासाठी जी सर्वांत कठोर पट्टी असते, ती लावली. फरक तरीही रेषेबाहेर होता. एकटं कुठलंच केंद्र खाली गेलं नव्हतं. नदीपलीकडचा सगळा काठच खाली होता. पीठ, दूध पावडर, औषधं नदीअलीकडच्या गोदामात अडकून पडत, हे त्याला दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलं. विचारलं असतं तर आधीही सांगितलं असतं.

निरंजन माधुरीताईंना जाऊन भेटला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. चाळीस वर्षं त्यांनी त्या डोंगरासाठी झिजवली होती. त्या म्हणाल्या की नदीपलीकडे गोदाम करायचं त्या नक्की बघतील. पण अहवाल चुकला असं आता म्हटलं, तर मदत देणारे उरलेल्या कामावरही शंका घेतील. गोदाम होईल, मुलांचं भलं होईल, मग जुनं कशाला उकरायचं? निरंजनच्या नावालाही ते बरं नव्हतं, याची त्यांनी हळूच आठवण करून दिली.

तो उठला तेव्हा त्याला त्यांचं म्हणणं जवळजवळ पटलं होतं.

तरी कमल धुर्वेला एकदा भेटावं, असं वाटलं. ती भावाकडे राहत होती. गाव आडवाटेला होतं. निरंजन पोचला तेव्हा ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. पन्नाशीची, उंच, हातात अजूनही परिचारिकांचं ते मोठ्या आकड्यांचं घड्याळ. तिने त्याला ओळखलं, बाज टाकून दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

निरंजनने सगळं सांगितलं. अनोव्हा, जोड्या, पट्टी, नदी. वर्गात सांगतो त्याहून सोपं करून सांगितलं. आपली चूक झाली, असंही म्हणाला. ती ऐकत होती. मध्ये एकदा उठून तिने फुलांवर आलेली कोंबडी हाकलली आणि परत येऊन बसली.

“म्हणजे मी कमी नव्हते,” ती म्हणाली.

“नव्हतात.”

“बरं झालं, सर, तुम्ही आलात.” तिने पायाशी पडलेलं एक फूल उचललं. “पण मी मानलं होतं ना ते.”

निरंजनला समजलं नाही.

“आकड्यांत आलं म्हणाले. आकड्यांत आलं म्हणजे असणारच. मग मी एकेक मूल आठवत बसायची. याला कधी दूध कमी पडलं, त्याला कधी ओरडले. सापडायचं, सर. रोज काही ना काही सापडायचंच. शोधलं की सापडतं.” तिने हातातल्या घड्याळाची पट्टी उगाच घट्ट केली. “आता तुम्ही म्हणता, नव्हतं. ते मी कुठे ठेवू?”

त्याने विचारलं, संस्थेने परत बोलावलं तर जाल का? तिने मान हलवली. नाही. राग म्हणून नव्हे. आता एखादं मूल खाताना थांबलं, तरी चूक आपलीच वाटेल, असं ती म्हणाली. मग तिने त्याला जेवायचा आग्रह केला. तो जेवला. भाऊ शेतावरून आला, त्याच्याशी दोन गोष्टी पावसापाण्याच्या झाल्या. निघताना कमल वेशीपर्यंत सोबत आली नाही. अंगणातूनच तिने हात जोडले, आणि फुलांकडे वळली.

त्या वाटेवर निरंजनला माधुरीताईंचं म्हणणं पटेनासं झालं.

संस्थेच्या वार्षिक सभेत तो उभा राहिला. मदत देणारे पुढच्या रांगेत होते. त्याने सांगितलं की कमल धुर्वे यांच्याबद्दलचा निष्कर्ष चुकीचा होता आणि तो संस्थेचा नव्हे, आपला होता. चौथ्या जोडीबद्दलही सांगितलं. ते कुणी विचारलेलं नव्हतं. बोलून तो खाली बसला, तेव्हा सभागृहात कुणीतरी खोकलं आणि सूत्रसंचालकाने पुढचा विषय पुकारला.

त्यानंतर जे झालं ते भांडणाने झालं नाही. कुणी त्याला एक शब्द वाकडा बोललं नाही. फक्त बोलावणी थांबली. ज्या समित्यांवर तो असायचा, तिथे दुसरी नावं आली. सोबतचे लोक भेटले की पाठीवर हात ठेवून म्हणत, फार धीराचं काम केलंत. आणि घड्याळ बघत. वर्गात तो पूर्वीसारखाच शिकवत होता. पण जोड्यांच्या तासाला त्याचा आवाज मध्येच अडायचा, आणि मुलं एकमेकांकडे बघायची. घरी बोलायला कुणी नव्हतं. लग्न त्याने लांबवलं होतं, कारण पुढे होण्यातच वर्षं गेली होती. आता पुढे होता तो, पण मागे वळून बघितलं तर सोबत कुणीच चालत आलं नव्हतं.

गोदाम मात्र झालं. पावसाआधी नदीपलीकडे पत्र्याची एक मोठी खोली उभी राहिली आणि पोती तिथे पोचली. पुढच्या वर्षीची वजनं निरंजनला कुणी दाखवली नाहीत. ऐकिवात आलं, की सहाही केंद्रं आता जवळजवळ सारखी आहेत.

थंडीच्या दिवसांत तो पुन्हा टेकडीवर गेला.

भंते ओसरीतच होते, पण झोपून. अंगावर घोंगडी होती. निरंजनने वाकून वंदन केलं, तेव्हा त्यांनी आवाजावरून ओळखलं. नजर आता गेल्यातच जमा होती. बायका सकाळी येऊन गेल्या होत्या. जेवण तसंच झाकलेलं होतं. निरंजनने ते पुढे केलं, तर भंते म्हणाले, वेळ टळली. दुपारनंतर ते जेवत नसत. निरंजनने मडक्यातलं पाणी भरून आणलं, ओसरी झाडली आणि उन्हाच्या कवडशात त्यांना सरकून बसायला मदत केली. तेव्हा कळलं, त्यांच्या अंगात काही उरलेलं नव्हतं.

मग त्याने झालेलं सांगितलं. कमलचं, सभेचं, गोदामाचं. स्वतःचं थोडक्यात सांगितलं. कमलने जे विचारलं, ते कुठे ठेवू म्हणून, ते सांगताना निरंजन थांबला. यावर सर काही म्हणतील, असं वाटलं.

भंतेंनी डोळे मिटून घेतले...

ऊन पायरीवरून खाली उतरलं. बाभळीत एक होला घुमत होता, तोही थांबला. निरंजनने सभोवार पाहिलं. ती एक खोली, पालथा पेला, झाकलेलं ताट, आणि भिंतीशी टेकलेला हा म्हातारा, ज्याला आता समोरचा माणूसही दिसत नव्हता. इतक्या वर्षांत इथे किती संध्याकाळी अशाच गेल्या असतील, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला वाईट वाटलं. ते त्यांच्यासाठी होतं की स्वतःसाठी, त्यालाही सांगता आलं नसतं.

“भंते,” तो म्हणाला, “तुम्ही इथे फार एकटे आहात.”

भंतेंनी डोळे उघडले. आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“... कुणापेक्षा?”